तळहातावरची लढाऊ विमाने



पोस्टाची तिकिटे जमविणारा मनुष्य आपल्या समाजात अभ्यासू समजला जातो. जुनी नाणी जमविणाऱ्याला आपण इतिहासप्रेमी म्हणतो. पण चाळिशी उलटलेला एखादा गृहस्थ काचेच्या कपाटात धातूची छोटी छोटी विमाने मांडून बसला, तर घरी येणारा पाहुणा त्यांच्याकडे एकवार पाहतो आणि "मुलांची वाटतं?" असे विचारतो. मुलांची नाहीत, असे उत्तर मिळाले की तो सौजन्याने विषय बदलतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाहुण्याची शंका रास्तच आहे. खेळणे कोठे संपते, आणि त्याहून निराळे, अधिक जबाबदारीचे असे काही कोठे सुरू होते, याचाच विचार आज मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

ज्या वस्तूंविषयी मी बोलत आहे त्यांना डायकास्ट प्रतिकृती म्हणतात. वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरून त्या घडवितात, म्हणून हे नाव. मोटारी, आगगाड्या, जहाजे अशा अनेक वस्तूंच्या प्रतिकृती या रीतीने होतात. पण मी लढाऊ जेट विमानांपुरतेच बोलणार आहे. कारण ही विमाने देखणी आहेत आणि ती माणसे मारण्यासाठी बनलेली आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मोठी वस्तू लहान करून घरात आणण्याची हौस आपल्याला नवी नाही. मराठी घरांतील मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात. त्या किल्ल्यावर सिंहासनावर बसलेले महाराज बुरुजाहून उंच असतात, पहाऱ्यावरचा मावळा दरवाजातून आत जाऊ शकणार नाही इतका थोर असतो, आणि पायथ्याशी पेरलेली मोहरी चार दिवसांत तटाच्या वर डोके काढते. कोणालाही त्यात काही खटकत नाही. कारण तेथे आकार ठरतो तो मोलावरून. डायकास्ट प्रतिकृतीचा धर्म याच्या नेमका उलट आहे. तिच्यात मोजपट्टीचे राज्य असते. विमान ७२ पटींनी लहान करावयाचे ठरले की त्याचे पंख, शेपूट, चाके आणि आसनावर बसलेला वैमानिक, सारेच ७२ पटींनी लहान झाले पाहिजे. तेथे कोणाच्याही थोरवीसाठी सवलत नाही.

हा काटेकोरपणा प्रारंभापासून होता असे मात्र नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून डिंकी टॉईज या नावाने धातूची छोटी वाहने आणि विमाने विकण्यास सुरुवात केली. दुसरे महायुद्ध संपल्यावर ग्लॉस्टर मीटिअर आणि शूटिंग स्टार ही जेट विमाने त्या मालिकेत आली आणि १९५५ साली हॉकर हंटरही आले. ही खरोखरीची खेळणी होती. मुलांच्या खिशात ती राहिली, जमिनीवर घसरली, त्यांचा रंग उडाला, चाके हरवली. आकार असा की पेटीत मावेल आणि मुलाच्या आठवड्याच्या पैशांत बसेल. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ साली बंद झाला, आणि ज्यांचा रंग उडाला नव्हता अशा थोड्या विमानांना त्यानंतर लिलावात मान मिळू लागला.

मोजपट्टीची शिस्त आली ती दुसऱ्या बाजूने, आणि ती युद्धातून आली. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे काही क्षणांत ओळखणे पहारेकऱ्याला आणि तोफचीला आवश्यक असते. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धात प्रतिकृतींचा उपयोग झाला. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांना ५,००,००० लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले. त्यांचे प्रमाण होते १ : ७२, म्हणजे एका इंचाला सहा फूट. यातील हिशेब साधा आहे. ७२ पटींनी लहान केलेले विमान दहा मीटरांवर टांगले, तर डोळ्याला ते ७२० मीटरांवरील खऱ्या विमानाएवढेच दिसते. शाळकरी मुलांनी पटाशीने तासलेली ती काळी विमाने ही शिक्षणाची साधने होती, आणि चुकीचे शिक्षण झाले तर आपलाच वैमानिक आपल्याच तोफेने पडण्याचा धोका होता. आज संग्राहकांच्या कपाटांत जी विमाने दिसतात त्यांतील पुष्कळशी याच प्रमाणात असतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कॉर्गीसारख्या जुन्या आणि त्यानंतर हॉबी मास्टरसारख्या नव्या कंपन्यांनी प्रौढ संग्राहकांसाठी म्हणून अशी विमाने काढली, तेव्हा खेळण्याचा धातू आणि शिक्षणाची मोजपट्टी एकत्र आली.

आता या धातूविषयी थोडे. तो मुख्यत्वे जस्ताचा असतो. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडे मॅग्नेशियम व तांबे मिसळलेले असते. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली हा मिश्रधातू सिद्ध केला. चार धातूंच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला झामाक म्हणतात. तो सुमारे ३८० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, त्यामुळे पोलादी साचा लवकर झिजत नाही आणि एकाच साच्यातून हजारो नग काढता येतात. पण हा धातू एका बाबतीत फार सोवळा आहे. त्यात शिशाचा किंचित अंश मिसळला, तर तो आतून कुजू लागतो. वर्षानुवर्षे काही दिसत नाही. मग बारीक भेगा पडतात, पंख वाकतात, आणि एके दिवशी विमान हातात घेताच त्याचा भुगा होतो. १९३० च्या दशकातील कितीतरी डिंकी विमाने अशी नाहीशी झाली. कोणी ती आपटली नव्हती की पाडली नव्हती; कारखान्यातल्या एका बेसावध घाणीत जो दोष शिरला तो मालकाच्या आयुष्यभर वाट पाहत राहिला.

साच्यातून निघालेला धातू घासून साफ करतात. चाकांचे दांडे, क्षेपणास्त्रे, काचेसारखे छत आणि बारीक दांड्या प्लॅस्टिकच्या असतात. मग रंग, आणि रंगावर छपाई. कोरलेल्या पट्टीवरची शाई एका मऊ गादीने उचलून ती वाकड्या पृष्ठभागावर टेकवितात. गादी विमानाच्या पोटाचा आकार घेते आणि मुंगीच्या पायाएवढी अक्षरेसुद्धा स्वच्छ उमटतात. स्क्वाड्रनचे चिन्ह, धोक्याच्या सूचना, पंखावरील चक्र, आणि धडाच्या मागच्या भागावरील क्रमांक, सारे याच रीतीने येते.

इतका काटेकोरपणा असूनही प्रतिकृती पूर्णतः खरी असते काय? नसते, आणि ती कोठे खरी नसते हे पाहणे फार उद्बोधक आहे. खऱ्या विमानाच्या दोन पत्र्यांमधील सांधा दोन मिलिमीटरांचा धरला, तर ७२ पटींनी लहान केल्यावर तो केसाहून बारीक होतो आणि डोळ्याला दिसतच नाही. म्हणून कारागीर तो मुद्दाम रुंद कोरतो. पंखाची मागची कड खऱ्या विमानात धारेसारखी असते. पण वितळलेला धातू साच्याच्या टोकापर्यंत पोहोचावा म्हणून ती जाड ठेवावी लागते. एक मिलिमीटर जाडीची कड ७२ पटींनी वाढविली तर सात सेंटिमीटरांहून जाड पंख होईल. खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा लावला तर छोटे विमान काळपट दिसते, म्हणून रंग थोडा फिका करतात.

सर्वांत मोठी गफलत वजनाची आहे. लांबी ७२ पटींनी कमी होते तेव्हा आकारमान ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी कमी होते. इंधन आणि दारूगोळा वगळता नॅट विमानाचे वजन सुमारे २,२०० किलो होते. या हिशेबाने त्याच्या प्रतिकृतीचे वजन सहा ग्रॅम, म्हणजे एखाद्या नाण्याएवढे असावयास हवे. जस्ताची प्रतिकृती त्याच्या कितीतरी पट भरते. दुकानदार तिचे जडपण हातावर तोलून दाखवितो आणि ग्राहक त्यावर खूष होतो. पण विमान म्हटले की हलकेपणासाठी अभियंत्यांनी केलेली धडपड आली, आणि प्रतिकृतीच्या जडपणात नेमकी तीच हरवते. तात्पर्य, प्रतिकृतीचा खरेपणा डोळ्यापुरता आहे. तेवढ्यापुरते तिच्यावर विसंबावे.

डोळ्यापुरता खरेपणाही थोडाथोडका नव्हे. एकाच प्रमाणातील दोन विमाने शेजारी ठेवली की ग्रंथाच्या अनेक पानांनी जे कळत नाही ते एका दृष्टिक्षेपात कळते. माझ्या कपाटात नॅट आणि सेबर शेजारी शेजारी आहेत. सेबर हे अमेरिकी विमान; १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानच्या हवाई दलाकडे ते होते. नॅट ब्रिटिश अभियंता पेटर यांच्या आराखड्यातून निघालेले. ब्रिटिश हवाई दलाने एका आसनाचे लढाऊ नॅट स्वीकारले नाही. भारताने ते स्वीकारले आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधले. ७२ च्या प्रमाणात सेबरची लांबी सुमारे १६ सेंटिमीटर भरते, नॅटची १२. सेबरच्या पंखांचा विस्तार जवळजवळ त्याच्या लांबीएवढा. नॅटचा अवघा ९ सेंटिमीटरांच्या वर. समोरून पाहिले तर नॅट एखाद्या चिमणीसारखे दिसते. हवेतील झटापटीत ते शोधणे शत्रूला का कठीण जात असे, याचे एक कारण मला वाचून माहीत होते. कळले ते ही दोन विमाने शेजारी ठेवल्यावर.

एकदा माझ्या भाच्याने ही जोडी पाहिली आणि विचारले, "मामा, यातलं जिंकलं कोण?"

मी त्याला बोयऱ्याची हकीकत सांगितली. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी, युद्धाची घोषणा होण्यापूर्वी, पूर्व सीमेवर बोयऱ्याच्या आकाशात चार नॅट आणि पाकिस्तानी सेबर यांची गाठ पडली. सेबरमधून उडी टाकलेले दोन वैमानिक भारताच्या हाती युद्धकैदी म्हणून लागले. त्यांपैकी एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे मायदेशी परतले आणि १९९७ साली पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे विमान पडलं, तरी माणूस राहिला." मला वाटते, त्या एका वाक्यात खेळणे संपले होते.

पण सारेच राहिले नाहीत. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर सहा सेबरांनी हल्ला केला. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट आकाशात नेले आणि एकट्याने त्या विमानांशी झुंज घेतली. ते त्यात कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. भारतीय हवाई दलातील कोणाला ते मिळाल्याचे आजवरचे हे एकमेव उदाहरण आहे. बारा सेंटिमीटरांचे नॅट हातात घेताना ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात जस्ताचा एक तुकडा आहे. ज्याला ती ठाऊक आहे, तो ते निराळ्या रीतीने धरतो.

म्हणूनच मी प्रतिकृतीवरील क्रमांकाला इतके महत्त्व देतो. मी सरकारी नोकर आहे. आमच्या कचेरीत आवक क्रमांक पडला नाही तोवर कागद हा कागदच नव्हे. क्रमांक पडला की त्याला तारीख येते, जागा येते आणि कोणीतरी त्याला उत्तर देण्यास बांधला जातो. प्रतिकृतीचेही तसेच आहे. चांगली प्रतिकृती "एक मिग" अशी कधीच नसते. तिच्यावरील क्रमांक सांगतो की हे अमुकच विमान, अमुक स्क्वाड्रनचे, अमुक साली, अमुक तळावरचे. त्या विमानाचे पुढे काय झाले आणि त्यात कोण बसत असे, हा प्रश्न क्रमांकाबरोबरच घरात येतो.

मिग-२१ चेच पाहा. १९६३ साली ते भारतीय हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला समारंभपूर्वक निवृत्त झाले. बासष्ट वर्षे ते आपल्या आकाशात होते. त्याच्या बांधणीसाठी नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला आणि त्या परिसरातील कितीतरी घरांची चूल या विमानावर पेटली. १९७१ च्या युद्धात त्याने पराक्रम गाजविला. आणि याच विमानाच्या अपघातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या. २०१२ साली संसदेत सांगण्यात आले की १९७१-७२ पासून त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मिग जातीच्या विमानांना ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. हे आकडे शत्रूच्या गोळीचे नाहीत; सरावासाठी उड्डाण करून जे घरी परतले नाहीत त्यांची संख्या यांत मोठी आहे. कपाटातील मिग-२१ चांदीसारखे चकाकते. त्याच्या पेटीवर विमानाचा वेग छापलेला असतो, शस्त्रांची यादी असते. या १७१ जणांसाठी पेटीवर जागा नसते. ती जागा संग्राहकाने आपल्या मनात करावयाची असते.

पेटी जे सांगत नाही त्याचे याहून कठोर उदाहरण जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ चे आहे. १९४४ साली लढाईत उतरलेले हे जगातील पहिले जेट लढाऊ विमान. त्याची घडण आजही पाहत राहावी अशी आहे. जर्मनीत नाझी चिन्हाच्या प्रदर्शनावर कायद्याने निर्बंध असल्याने अनेक कंपन्या शेपटीवरचे स्वस्तिक छापत नाहीत, किंवा निराळ्या चिकटपट्टीवर दोन तुकड्यांत देतात. संग्राहक यावर तावातावाने वाद घालतात : चिन्ह नसेल तर प्रतिकृती खरी कशी? वाद ऐकण्यासारखा आहे. पण त्याहून मोठी गोष्ट त्यात निसटते. या विमानांची धडे ऑस्ट्रियातील गुसेन छळछावणीजवळच्या बोगद्यांत कैद्यांकडून बांधून घेतली जात होती, आणि त्या कामावर माणसे उपासमारीने व मारहाणीने मेली. शेपटीवर चिन्ह असो वा नसो, ही गोष्ट कोणत्याही छपाईने प्रतिकृतीवर उमटणार नाही. ज्याला ती ठाऊक नाही त्याने ते विमान विकत घेऊ नये, इतके कडक मत मी बाळगतो.

या छंदाला बाजारही आहे, आणि बाजाराचे स्वतःचे शहाणपण असते. मर्यादित आवृत्ती काढावयाची, पेटीत प्रमाणपत्र घालावयाचे, आणि पुढील वर्षी भाव चढेल अशी आशा लावावयाची, ही त्याची रीत. त्यामुळे काही जण पेट्या न उघडताच रचून ठेवतात. पोलादी साचा खोदणे खर्चाचे असल्याने ज्या विमानाला जगभर ग्राहक आहे त्याचा साचा आधी होतो. आपल्याकडे बांधलेल्या १४७ मारुत विमानांसाठी तो खर्च कोण उत्साहाने करील? बाजार ज्याची प्रतिकृती काढतो तेच विमान थोर, असा समज मात्र तरुणांनी करून घेऊ नये.

त्यांना माझे सांगणे थोडे आहे. विमाने थोडी घ्या. काही हजार रुपयांची वस्तू आहे, घाई नको. ती उन्हापासून दूर ठेवा, मऊ कुंचल्याने झाडा. आपल्या बाजूचे विमान घेतले तर त्याच्याशी लढलेलेही घ्या. एकट्या विमानाला युद्धाची गोष्ट सांगता येत नाही. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात खऱ्या विमानाच्या पंखाखाली उभे राहा, म्हणजे ७२ या आकड्याचा अर्थ अंगावर येईल. आणि प्रत्येक प्रतिकृतीसाठी एका वहीत एक पान राखा. त्यावर विमानाचा क्रमांक, स्क्वाड्रन, तळ आणि साल लिहा. त्याखाली एक रकाना वैमानिकाच्या नावासाठी ठेवा. तो पुष्कळदा रिकामा राहील. रिकामा राहिला तरी तो खोडू नका. शोध अजून संपलेला नाही, एवढे तो सांगत राहील.